चार नंबरचं शून्य

३ तारीख, सोमवार

मीटरची टोकं लावली आणि फट्‌कन आवाज झाला. काळ्या सुईचं पितळ वितळून टोकाला गोळी झाली. छापखान्याचा मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "काय झालं हो?"

"काही नाही. पॅनेलमध्ये धूळ आहे."

पॅनेलमध्ये धूळ नव्हती. लाल वायरची पिन मीटरच्या करंटच्या भोकात राहिली होती आणि मी व्होल्ट मोजायला गेलो.

हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून जुन्या कामाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितो आहे. व्होल्ट मोजताना मीटर कडेला उभा राहून बघतो. करंट मोजायचा तर त्याला वाटेत उभं राहावं लागतं. तार तोडायची, दोन तोंडांमध्ये मीटर घालायचा, म्हणजे सगळा प्रवाह त्याच्या पोटातून जातो आणि तो किती गेला ते सांगतो. प्रवाहाला अडवायचं नाही, म्हणून करंटच्या भोकामागे आत जवळजवळ मोकळी तारच असते. त्या भोकात पिन ठेवून लाइनला हात घालणं म्हणजे लाइनच्या दोन तारा एकमेकींना चिकटवणं. नवीन लागलेल्यांना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो. मागच्या महिन्यात मीच शिकवलं, फळ्यावर चित्र काढून. सव्वीस वर्षं विजेच्या यंत्रांची तपासणी करायचं हे काम करतो आहे.

अशा वेळी मीटरमधला फ्यूज जातो आणि बाकीचा मीटर वाचतो. दुपारी ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर मागचं झाकण उघडलं. हा फ्यूज पांढऱ्या चिनीमातीचा, आत वाळू भरलेली. काचेच्या फ्यूजमध्ये जळलेली तार दिसते, यात काही दिसत नाही. चांगला आणि गेलेला, जुळे भाऊ. ड्रॉवरमधून नवा घेतला, जुना काढला, दोन्ही टेबलावर ठेवले. तेवढ्यात साहेब आले.

"काटेकाका, जेवण झालं?" (माझी सुरुवात काट्याच्या मीटरांवर झाली, म्हणून मी इथे काटेकाका.)

मी दोन्ही फ्यूज मुठीत घेतले. म्हणालो, "व्हायचंय."

"लाँड्रीतून तक्रार आलीय. मशीनमधून करंट लागतो म्हणे एका बाईला. बुधवारी जाता का?"

"जातो."

ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या मुलीच्या परीक्षेबद्दल दहा मिनिटं बोलले. मी मूठ टेबलाखाली धरून हूं हूं करत होतो. ते गेल्यावर एक फ्यूज बसवला, झाकण लावलं, दुसरा खिशात टाकला. घरी येताना कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात फेकला. मीटर सॉकेटला लावून बघितला. दोनशे एकतीस व्होल्ट. बरोबर. जीव भांड्यात पडला.

फ्यूज बदलला की कारण रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, आणि मीटर पेटीवर तपासायचा असतो. पेटी म्हणजे एक लाकडी खोका, त्यातून ठरलेला दहा मिलिअँप करंट येतो. मीटरने दहा दाखवला तर मीटर ठीक. खरं तर रोज सकाळी बाहेर पडण्याआधी ते करायचं असतं. आम्ही सगळेच रजिस्टरमधला तो रकाना शनिवारी एकदम भरतो, सहाही दिवसांचा. पेटीचे सेल शेवटचे कधी बदलले ते कुणाला आठवत नाही.

कारण काय लिहिणार होतो. लिहिलं नाही.


५ तारीख, बुधवार

लाँड्रीची तक्रार करणारी बाई म्हणजे आमच्या वहिनी निघाल्या. दादा गेल्यानंतर त्या तिथे लागल्या, चार वर्षं झाली. मला आधी कुणी नाव सांगितलं नव्हतं. त्यांनी मला बघितलं आणि ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. कामाच्या ठिकाणी ते बरं.

लांब खोली, फरशी कायम ओली. भिंतीला लागून सहा मोठी मशीनं, प्रत्येकात हॉस्पिटलच्या पन्नास चादरी मावतात. वाफेने खिडक्या पांढऱ्या झालेल्या. वहिनी चार नंबरवर असतात.

मुकादम म्हणाला, "या बाईंना मुंग्या येतात म्हणे. दार उघडताना."

"मुंग्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. "कोपरापर्यंत झिणझिणतं. पाणी तापलेलं असलं की जास्त."

"आम्हाला नाही येत ते. वयानं होतं असं. माझ्या आईचे पाय झिणझिणतात, ती काय मशीनमध्ये उभी असते?"

बायका हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

मी पाणी तापवायला लावलं, दहा मिनिटं थांबलो. मग मीटरचं एक टोक दाराच्या लोखंडी चौकटीला, दुसरं जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या पट्टीला. मशीनच्या अंगावर करंट उतरला असेल तर तो मीटरमधून जमिनीत जाणार, आणि मीटर आकडा दाखवणार. माणूस ओल्या फरशीवर उभा राहून दाराला हात लावतो तेव्हा मीटरच्या जागी तो माणूस असतो. एक मिलिअँपला झिणझिण्या. दहाला दुखतं. पंधराच्या पुढे हात सुटत नाही, आणि तीसच्या पुढे छातीचं काही सांगता येत नाही.

मीटरने शून्य दाखवलं. शून्य पूर्णांक शून्य शून्य. तीनदा बघितलं, टोकं घासून बघितलं. शून्य.

बोर्डावर एक जागा रिकामी दिसली, करंट गळला की आपोआप लाइन तोडणाऱ्या ब्रेकरची. त्यांच्या मिस्त्रीला विचारलं, इथला गळतीचा ब्रेकर कुठे आहे? तो म्हणाला, "काढला. सारखा पडायचा. चार नंबर चालू केलं की पडला. काम करायचं की ब्रेकर वर करत बसायचं?" मी त्याला म्हणालो, असं करू नये. पण गळतीच नाही म्हटल्यावर किती ताणणार. शेऱ्यात लिहिलं, 'ब्रेकर सवडीने बसवावा.' खाली सही. पास.

मुकादमाने कागद वाचून वहिनींपुढे धरला. त्यांनी तो न बघता मला विचारलं, "भावजी, खरंच काही नाही?"

सगळ्यांना नातं कळलं ते तेव्हा.

"वहिनी, हे बघा, शून्य. यंत्राला कुणाची भीड नसते."

त्यांनी आकडा बघितला. मग सगळ्यांसमोर दाराच्या कडीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "बरं," म्हणाल्या आणि चादरी भरायला लागल्या.

भीती माणसाच्या हातात बसते. ती मीटरने निघत नाही.


८ तारीख, शनिवार

चांगला आठवडा. शाळेतलं थंड पाण्याचं मशीन, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, बेकरीतली दोन कणीक मळायची मशीनं, पोहण्याच्या तलावाचा पंप. सगळीकडे शून्य. एरवी कुठे ना कुठे पॉइंट दोन, पॉइंट पाच दिसतोच. नवीन यंत्रातही थोडं झिरपतं. हवा कोरडी आहे, त्यामुळे असेल.

साहेब म्हणाले, "काटेकाका पोचले की गळती घाबरून बंद होते."

नवी इंजिनिअर हसली. तिला सहा महिने झाले. परवा ती पेटी घेऊन बसली होती, सेल काढून. मी म्हटलं, आज कशाला? तर म्हणाली, "रोज करायचं लिहिलंय ना काका, म्हणून." तिला सांगितलं, कामाला उशीर होईल. शनिवारचा रकाना भरला. १०.०, १०.०, १०.०, १०.०, १०.०, १०.०.

तरी सोमवारचा तो फट्‌ आवाज दिवसातून दोन-तीनदा ऐकू येतो. आज बँकेच्या दाराच्या मुठीला मी उलटा हात लावला. आमच्या कामात ही सवयच असते. करंट असेल तर स्नायू आखडतात. सरळ हात लावला तर मूठ बंद होते आणि तुम्ही तिथेच अडकता. उलटा लावला तर हात मागे फेकला जातो. पण लाकडी दाराच्या मुठीला मी आजवर असा हात लावला नव्हता.

नंतर घरातल्या नळालाही लावला. हिने बघितलं.


११ तारीख, मंगळवार

संध्याकाळी वहिनी आल्या. ही चहा ठेवत होती. वहिनी किटली सरकवायला उठल्या आणि आधी तिला हाताची मागची बाजू टेकवली, मग उचलली.

ही म्हणाली, "अगंबाई, तुम्हीसुद्धा? आमच्याकडे एक आहेतच. नळाला विचारल्याशिवाय तोंड धूत नाहीत."

वहिनी म्हणाल्या, "सवय लागली."

"कसली सवय?"

"कामावरची."

मला वाईट वाटलं. चार वर्षांत कधी तक्रार नाही, रजा नाही, आणि आता मनात एक गोष्ट बसली ती निघत नाही. मी त्यांना समजावून सांगायचं ठरवलं. काट्याच्या मीटरबद्दल सांगितलं. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचं बारीक वेटोळं टांगलेलं असतं, त्यातून प्रवाह गेला की ते स्वतःच चुंबक होतं आणि वळतं. एक नाजूक स्प्रिंग त्याला मागे ओढत असते. जितका प्रवाह जास्त तितका काटा पुढे. प्रवाह नाही तर काटा जागचा हलत नाही. आता काट्याऐवजी आकडे आले, तत्त्व तेच. जे आतून जातं तेवढंच तो सांगतो. त्याला मन नसतं.

त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि त्यालाच बरं नसेल तर? तसं सांगतो का तो?"

"आम्ही रोज तपासतो, वहिनी."

"रोज?"

"रोज."

हिने माझ्याकडे बघितलं. का बघितलं कळलं नाही. पेटीबद्दल मी घरी कधी बोललेलो नाही.

जाताना वहिनींनी उजवा हात दोनदा झटकला, पाणी झटकावं तसा. हात कोरडा होता.


१३ तारीख, गुरुवार

मुकादमाचा ऑफिसात फोन. "काटेकाका, तुमच्या वहिनींना जरा समजवा. तुमचा कागद भिंतीला चिकटवलाय, तरी त्यांचं चालूच. रबरी हातमोजे घालून येतात. मोजे दारात अडकतात, चादर फाटते. खाली लाकडाची फळी घातलीय, तिच्यावर उभं राहतात. मी रोज बघतोय, मालकानं बघितलं तर घरी पाठवेल. मला दुसरी बाई उद्या मिळते."

जेवणाच्या सुट्टीत गेलो. वहिनी खरंच फळीवर उभ्या होत्या, कोपरापर्यंत पिवळे मोजे. बाकीच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "आले बघा, दिराला बोलावलं फळी धरायला."

मी वहिनींना बाजूला घेतलं. म्हणालो, "हे काय चाललंय?"

"मला भीती वाटते, भावजी."

"मी मोजलं ना."

"मोजलंत."

"मग? तुमचा माझ्यावर विश्वास नाही? इथे सगळ्यांना माहीत आहे मी तुमचा कोण. ही फळी बघून लोक म्हणणार, याच्या घरच्यांनाच याची सही खरी वाटत नाही."

त्यांनी मोज्याची कड कोपरावर ओढून घेतली. मी म्हणालो, "नोकरी गेली तर काय करणार आहात?"

त्यांनी मोजे काढले, एकात एक घालून घडी केली. मग फळीवरून उतरल्या. फळी मी उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. ओली होती, जड होती. त्यांनी ती पाच दिवस रोज मागच्या आवारातून आणून घातली असणार.

येताना वाटलं, बरं झालं जाऊन आलो. स्टॉपवर खांबाला टेकण्याआधी त्याला उलटा हात लावला. 


१४ तारीख, शुक्रवार

हिला वहिनींचा फोन आला होता. हात बधिर वाटतो म्हणाल्या, संध्याकाळी बटणं लागत नाहीत. मुकादम मात्र खूश आहे.

मी म्हणालो, वय.

ही म्हणाली, "त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत."

 


१६ तारीख, रविवार. दुपारी चार

नीट क्रमाने लिहितो.

वहिनी जेवायला आल्या होत्या. जेवण झाल्यावर टेबल पुसलं आणि मी मुद्दाम मीटर बाहेर काढला. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू द्या, म्हणजे मनातून जाईल. बॅटरीतले दोन सेल काढले, बारका दिवा काढला, तारांनी जोडला. दिवा लागला.

"आता बघा वहिनी. यातून किती करंट जातो ते मोजायचं, तर तार तोडायची आणि मीटर मध्ये घालायचा. सगळा करंट याच्यातून जाईल, दिवा तसाच जळत राहील, आणि इथे आकडा येईल."

तार सोडवली. मीटर मध्ये घातला, करंटच्या भोकात पिन, बरोबर भोकात, दोनदा बघितलं.

दिवा गेला.

आकडा शून्य.

ही म्हणाली, "सेल संपले वाटतं."

मीटर काढून तार पुन्हा जोडली. दिवा लागला. मीटर घातला, गेला. काढला, लागला.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे हा मध्ये आला की काहीच जात नाही."

मी म्हणालो, "तार ढिली आहे." माझा आवाज मला लांबून आला. "पुन्हा कधीतरी दाखवतो." सेल बॅटरीत परत घालायला लागलो, दोनदा उलटे घातले. वहिनी माझ्या हातांकडे बघत होत्या. मग उठल्या, उद्या पहिली पाळी आहे म्हणाल्या, सहाला. ताटं धुतली आणि गेल्या.

त्या गेल्यावर झाकण उघडलं. फ्यूज काढून त्याच सेल आणि दिव्याच्या मध्ये धरून तपासला. गेलेला आहे. दोन आठवड्यांपासून गेलेला आहे. मी त्या दिवशी मुठीतून जुनाच परत बसवला आणि नवा कचऱ्यात टाकला.

व्होल्ट मोजताना या फ्यूजचा संबंध येत नाही, म्हणून दोनशे एकतीस बरोबर आले. करंट मोजताना आतली वाट तुटलेली. तुटलेल्या वाटेवरून काही जात नाही आणि मीटर शून्य दाखवतो. तो खरंच सांगत होता. माझ्यातून काही जात नाही, एवढंच तो सांगत होता. त्याचं मी 'मशीनमधून काही येत नाही' असं करून सही केली.

लाँड्रीत नुसते व्होल्ट बघितले असते तरी कळलं असतं. फॉर्मवर व्होल्टचा रकाना नाही.

ब्रेकर सारखा पडायचा. चार नंबर चालू केलं की पडायचा. मिस्त्रीने मला तोंडावर सांगितलं, आणि मी त्यालाच नियम शिकवला.

फळी मी उचलली.


तोच दिवस, साडेपाच

मुकादमाला फोन केला. म्हणालो, चार नंबर उद्या बंद ठेवा, पुन्हा मोजायचंय.

"का? काय निघालं?"

"काही निघालं नाही. खात्री करायचीय."

"काटेकाका, उद्या तीन वॉर्डांच्या चादरी आहेत. तुमचाच कागद भिंतीवर आहे. बंद ठेवायचं असेल तर ऑफिसचं पत्र आणा."

"पत्र दुपारपर्यंत येईल."

"मग दुपारी बंद करू."

कारण सांगितलं असतं तर त्याने बंद ठेवलं असतं. फोन ठेवल्यावर हे कळलं असं नाही. बोलतानाही माहीत होतं. तरी सांगितलं नाही. त्याऐवजी मी मनात हिशेब मांडत होतो. आतापर्यंत झिणझिण्याच आहेत, म्हणजे पाच-सहा मिलिअँप असेल. वहिनींच्या चपला रबरी आहेत. दुपारपर्यंत काय होणार आहे? सकाळी नवी इंजिनिअर यायच्या आत ऑफिसात जाऊन फ्यूज बदलायचा, दहापर्यंत लाँड्री गाठायची, नवा आकडा लिहायचा, 'परिस्थिती बदलली' म्हणायचं. दमट हवा. पाणी तापवणारा हीटर आत्ताच खराब झाला. कुणाला काय कळणार आहे? कोपऱ्यावरच्या डब्यात जाऊन कोण बघणार आहे?

हा हिशेब मी कुठेही न अडखळता मांडला. हीटरचं आवरण फुटत जातं, आजचा पाच उद्या पाच राहत नाही, हेही माहीत असताना. भीती कसली वाटते आहे ते शोधत होतो. वहिनींसाठी वाटायला हवी. तशी ती आहे. पण तिच्या पुढे दुसरी बसली आहे, आणि ती साहेबांची आहे, नवीन पोरांना दिलेल्या त्या धड्याची आहे. ती पहिलीला पुढे येऊ देत नाही.

तीन तारखेपासूनच्या माझ्या सह्या मोजल्या. अकरा. शाळा त्यात आहे. तलावाचा पंप आहे. दातांच्या खुर्चीत माणूस चूळ भरून, ओलं तोंड उघडून बसतो.

ही मघापासून दारात उभी होती. मी वर बघितलं नाही. म्हणाली, "अहो, काय झालंय?"

सांगितलं. खालीच बघून सांगितलं, छापखान्यापासून. कचऱ्याच्या डब्यापर्यंत आल्यावर ती आत येऊन पलंगावर बसली.

"फळी तुम्ही काढलीत?"

"हो."

 मग म्हणाली, "आणि इथे लिहीत काय बसलात? उठा."


१७ तारीख, सोमवार

काल वही तशीच टाकून उठलो. साडेसहाला वहिनींच्या दारात होतो. त्या कपडे वाळत घालत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी चिमटे लावायचं थांबवलं नाही.

सगळं ऐकून म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"मीटर बिघडलाय हे?"

"मीटरचं मला काय कळतंय. करंट आहे हे माहीत होतं. हात माझा आहे ना."

"मग फळी का काढू दिलीत?"

त्यांनी हातातला टॉवेल झटकला. "तुम्ही उचललीत म्हणून."

 मी त्यांना म्हणालो, उद्या कामावर जाऊ नका. त्या म्हणाल्या, "मी नाही गेले तर तिथे दुसरी उभी राहील. तिला फळीचंही माहीत नाही." मग आत जाऊन चप्पल घालून आल्या. आम्ही दोघं साहेबांच्या घरी गेलो. वाटभर बोललो नाही. दार साहेबांच्या मुलीने उघडलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तिसऱ्यांदा. साहेबांनी एकदाच मध्ये विचारलं, "रकाना कोण कोण असा भरतं?" मी म्हणालो, माझा मी भरला. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खाली बघितलं. त्यांनी मुकादमाला दोनदा फोन लावला, लागला नाही. मग स्वतःचा मीटर आणून दिला आणि म्हणाले, पावणेसहाला गेटवर या.

आज सकाळची नोंद.

साहेब, वहिनी आणि मी पावणेसहाला गेटवर होतो. मुकादम पाच मिनिटांनी आला, पत्र मागितलं. साहेबांनी कागद दाखवला. पाळीच्या बायका बाहेर थांबल्या. चार नंबरमध्ये पाणी भरून तापवायला लावलं, वहिनींनी सगळ्यांना दाराबाहेर धरून ठेवलं. पहिल्या मिनिटाला एकोणीस मिलिअँप. पाणी गरम झाल्यावर चव्वेचाळीस. मिस्त्रीने मेन बंद केला. हीटरची नळी बाहेर काढली, तिला बोटभर चीर होती. मुकादमाने भिंतीवरचा माझा कागद काढून साहेबांच्या हातात दिला. वहिनींना एक नंबरवर पाठवलं. त्या गेल्या.

नऊ वाजता ऑफिसात ओळखपत्र जमा केलं आणि लेखी जबाब दिला. बाकीच्या दहापैकी नऊ ठिकाणी फोन करून यंत्रं बंद ठेवायला सांगितलं आहे. नवी इंजिनिअर मोजायला बाहेर पडली, शाळेपासून सुरुवात. अकरापर्यंत तिचे तीन फोन आले. शाळा ठीक, बेकरीत एक ठीक, एक नाही. तलावावर फोन कुणी उचलत नाही, ती तिकडे निघाली आहे.